लांबशिंगी, आखूडशिंगी

मित्रांनो, भूमच्या एका शाळेच्या विज्ञानखोलीत शिरलात की फळ्याच्या उजव्या हाताला खिळ्यावर टांगलेली एक लाकडी फळी दिसते. त्या फळीवर, पंख कडेबाहेर पसरलेली, काळपट, सुरकुतलेली जी वस्तू आहे, ती मी. नवीन मुलं मला पहिल्यांदा बघतात तेव्हा म्हणतात, "अयाया, केवढं वटवाघूळ!" मी वटवाघूळ नाही. मी एक जुनी पाकट आहे. पाकट म्हणजे पतंगासारखा चपटा, रुंद पंखांचा आणि बारीक शेपटीचा समुद्रातला मासा. भूमपासून समुद्र किती लांब आहे ते तुम्ही नकाशात पट्टी ठेवून बघा, म्हणजे मी इथं किती परकी आहे ते तुमच्या लक्षात येईल.

आमच्या जातीच्या पाकटींना इंग्रजीत डेव्हिल रे म्हणतात, म्हणजे सैतान पाकट. कारण काय, तर आमच्या डोक्याला पुढच्या बाजूनं दोन शिंगं असतात. पण मित्रांनो, या शिंगांनी आम्ही आजवर कुणाला ढुशी मारलेली नाही. ती शिंगं नव्हेतच, ते डोक्याचे मऊ पर आहेत. पोहताना आम्ही ते गुंडाळून घेतो आणि भूक लागली की उलगडतो. पाण्यात तरंगणारे तांदळाच्या कणीहून लहान जीव या परांनी तोंडात लोटायचे, एवढंच त्यांचं काम. आमच्या शेपटीला काटासुद्धा नसतो. तरी आमचं नाव सैतान! नाव ठेवणारा लांबून बघतो आणि निघून जातो. ज्याला ते मिळतं, त्याला ते जन्मभर वागवावं लागतं.

मी अरबी समुद्रात जन्मले. आमच्यात आईला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे भावंडं ठाऊक नव्हती. पाण्याबाहेर उंच उडी मारायची आणि पोटावर धप्पकन पडायचं, हा आमचा आवडता खेळ. एके दिवशी बांगड्यांसाठी टाकलेल्या जाळ्यात मी सापडले. कोळ्यांना मी नको होते. पण जाळं नको-हवं बघत नाही. बंदराच्या धक्क्यावर मला टाकलं, तेव्हा माझ्या शेजारी माझ्याएवढीच आणखी एक पाकट पडलेली होती. आम्ही दोघी तोवर एकमेकींना कधी भेटलो नव्हतो. आमची ओळख झाली ती मेल्यावर.

त्या दिवशी धक्क्यावर भूमच्या शाळेची सहल आली होती. विज्ञानाचे हाफिज सर पुढं होते आणि सामान सांभाळायला शाळेचे शिपाई रामकिसनमामा. सर आमच्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ आम्हाला निरखत राहिले. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली.

"मामा, बघा. दोघी सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. हिची शिंगं सतरा सेंटिमीटर, हिची तेरा."

रामकिसनमामांनी मान वाकडी करून आमच्याकडं बघितलं. "मंजी ही लांबशिंगी आन् ही आखूडशिंगी. सर, आखूडशिंगी दूध किती देती?"

सगळी मुलं हसली. सरही हसले. पण तीच नावं त्यांनी वहीत लिहून घेतली. पुढं समजलं, की शास्त्रज्ञही आमच्या या दोन जातींना याच अर्थाच्या नावांनी ओळखतात. रामकिसनमामांनी कुठलंही पुस्तक न उघडता बरोबर सांगितलं होतं.

कोळ्यांनी आम्हाला बर्फासकट देऊन टाकलं. भूमला आणल्यावर हाफिज सरांनी आमची आतडी काढली, आत-बाहेर जाडं मीठ आणि तुरटी चोळली, पोटात कडब्याचा भुस्सा भरला आणि आम्हाला फळ्यांवर ताणून शाळेच्या गच्चीवर वाळत ठेवलं. मी किनाऱ्यावर राहिले असते तर चार दिवसांत कुजले असते. भूमच्या कोरड्या वाऱ्यानं मला टिकवलं. ज्या हवेत माझ्यासारखीला जगताच आलं नसतं, तिनंच मला राखलं, हे मी विसरत नाही. बारा दिवस रामकिसनमामा काठी घेऊन गच्चीवर बसत आणि मांजरं हाकलत. तिथंच त्यांनी आमची घरगुती नावं ठेवली. मी थोरली, ती धाकली.

मग माझ्या कामाची वर्षं सुरू झाली. आम्ही दोघी शेजारी शेजारी दोन खिळ्यांवर होतो. हाफिज सर दर वर्षी नव्या वर्गाला आमच्यासमोर उभं करत आणि एकच प्रश्न विचारत, "सांगा, दोघींत फरक काय?"

पहिल्यांदा सगळे ओरडत, "काहीच नाही!"

"घाई कुणाची? बस सुटतेय का तुमची?" सर म्हणत. "परत बघा."

मग हळूहळू एकेक हात वर होई. कुणी शिंगांना पट्टी लावी. कुणाला दिसे, की धाकलीच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, जो छोटा पर आहे त्याचं टोक पांढरं आहे, माझं नाही. फळी उलटून बघणारी एखादी मुलगी सांगे, की माझ्या पंखाच्या पुढच्या कडेला पोटाच्या बाजूनं काळसर डाग आहे. प्रत्येक फरक सापडला की सर टाळी वाजवत. मित्रांनो, ती टाळी आम्हालाही मिळत असे. मी लांबशिंगी आहे हे मला धाकलीमुळे कळलं. ती शेजारी नसती, तर माझी शिंगं कशापेक्षा लांब म्हणायची?

समुद्रात मी एकटी फिरत असे आणि तिथं त्याचं काही वाटत नसे. या खोलीत मात्र ओळखीचं म्हणावं असं एकच कुणी होतं. सुट्टीत खोलीला कुलूप लागे. उन्हानं पत्रे तडतडत, धूळ खाली बसे आणि आम्ही दोघी समोरच्या एकाच भिंतीकडं बघत राहत असू. तेवढी सोबत मला पुरत होती.

काही वर्षांनी हाफिज सरांची बदली झाली. जाताना त्यांनी रामकिसनमामांना सांगितलं, "मामा, ह्या दोघींना जपा."

"जपतो की सर. घरच्या जनावरासारखं जपतो," मामा म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला, आणि त्यातूनच घात झाला.

ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. शाळा लवकर सुटली होती. त्या दिवशी आपल्याकडं बैलांची खांदेमळण असते. खांदे हळद-लोण्यानं मळायचे, शिंगं साळून गुळगुळीत करायची, रंगवायची. मामांच्या पिशवीत साळायचा चाकू होता, वारनिसाचा डबा होता. कुलूप लावण्याआधी त्यांनी आमच्यावर फडकं फिरवलं आणि त्यांचा हात थांबला. माझ्या शिंगांच्या टोकांना कसर लागली होती. कडा झिरझिरीत झाल्या होत्या.

"आरं आरं, थोरले! हे काय झालं गं?" मामा मला खाली घेत म्हणाले. "घरी राजा-सर्जाची शिंगं साळायची आन् तुझी तशीच ठिवायची व्हय? न्हाय पटत."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. बैलाशी बोलतात तसे ते माझ्याशी बोलत होते. "हलू नगंस. झालंच बघ." डाव्या शिंगाचं खराब टोक दोन बोटं कापलं. मग दोन्ही सारखी दिसावीत म्हणून उजव्याचंही तेवढंच कापलं. काठ गुळगुळीत केले. मग आम्हा दोघींना डोक्यापासून शेपटीपर्यंत वारनिस फासलं. त्या तपकिरी थराखाली धाकलीच्या पराचं पांढरं टोक गेलं आणि माझा काळा डागही गेला. मामांनी दोन पावलं मागं सरून बघितलं. त्यांना आम्ही फार सुंदर दिसलो असणार.

कापलेली दोन टोकं त्यांनी टाकून दिली नाहीत. "जनावराचं शिंग उकिरड्यावर टाकू न्हाय, आमचा बाप म्हणायचा," असं पुटपुटत त्यांनी ती एका काड्यापेटीत घातली आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवली.

मित्रांनो, मला दुखलं नाही. वाळलेल्या अंगाला दुखत नाही. पण मी आता सतराची तेरा झाले होते.

पुढं चार-पाच वर्षांनी महांतप्पा सर विज्ञानाला आले. सर हुशार आणि शिस्तीचे. त्याच सुमारास खोलीत मोठा टीव्ही बसवायचं ठरलं आणि भिंतीवर जागा करायची वेळ आली. आमच्या फळ्यांवरची हाफिज सरांची कागदी लेबलं तोवर कसरीनं खाल्ली होती. महांतप्पा सरांनी पट्टी लावली. माझी शिंगं तेरा. धाकलीची तेरा. रंग एक, आकार एक.

"एकाच जातीच्या दोन कशाला अडवून ठेवायच्या?" सर म्हणाले. "येरमाळ्याच्या शाळेनं काही नमुने मागितलेत. एक त्यांना देऊन टाकू." मग त्यांनी वळून विचारलं, "मामा, तुम्ही इथं सगळ्यात जुने. ह्या दोघींत काही फरक होता का?"

रामकिसनमामा दाराशी उभे होते. हातातलं फडकं त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं. मी त्यांच्याकडं बघत होते. आयुष्यात दुसऱ्यांदा मला श्वास हवासा वाटला. एकदा जाळ्यात वाटला होता, आणि एकदा या वेळी. मामा, सांगा. खालच्या खणात काड्यापेटी आहे, एवढंच सांगा.

"न्हाय सर," मामा म्हणाले. "सारख्याच हायेत."

शाळेची वस्तू कापली म्हणून आपल्यावर कारवाई होईल, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. धाकलीला त्यांनीच खाली काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये नेऊन ठेवलं. परत आल्यावर ते माझ्याकडं न बघता निघून गेले. शेजारचा खिळा तसाच राहिला.

त्यानंतरची आठ वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणूनच सांगते. टीव्हीवर रंगीत मासे पोहायचे आणि मुलं माझ्याकडं पाठ करून ते बघायची. एकदा कुणीतरी माझ्या शिंगावर टोपी अडकवली, ती अख्खा महिना तशीच होती. फरक काय, असं कुणी विचारत नव्हतं. एकटीच्या अंगात फरक कुठून दाखवायचा? सगळ्यात जास्त मला लागलं ते मामांचं वागणं. ते टेबलं पुसत, बरण्या पुसत, टीव्ही पुसत, पण माझ्यापाशी आले की फडकं झटकून पुढं जात. ज्याला आपली आठवण असते तोच आपल्याकडं बघायचं टाळतो, तेव्हाचा एकटेपणा फार जड असतो.

याच वर्षांत एक गंमत झाली. महांतप्पा सरांनी वर्गात वाचून दाखवलं, की शास्त्रज्ञांनी लांबशिंगी आणि आखूडशिंगी या दोन जाती एकच ठरवल्या. आणि दोनेक वर्षांनी त्यांनी पुन्हा वाचून दाखवलं, की नव्यानं तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्या परत वेगळ्या केल्या. "चूक कळली की दुरुस्त करायची, ह्यालाच विज्ञान म्हणतात," असं सर म्हणाले. त्या वेळी मामा मागं उभं राहून घंटेची वेळ बघत होते. त्यांनी ते ऐकलं असावं.

कारण त्याच वर्षी त्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस होता. निरोपाचा कार्यक्रम विज्ञानखोलीतच ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, हार झाला. सगळे म्हणाले, "मामा, दोन शब्द बोला."

मामा उठले. बोलण्याआधी कपाटापाशी गेले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. खालचा खण त्यांनी ओढला. पुढं आले तेव्हा त्यांच्या हातात ती काड्यापेटी होती.

"मला भाषण येत न्हाय," ते म्हणाले. "येक गुन्हा हाय, तेवढा सांगतो. ही थोरली लांबशिंगी हाय. हिची शिंगं म्या साळली, पोळ्याच्या टायमाला. बैलाची साळतेत तशी. ही बघा टोकं. सर, तुमी इचारलं तवा म्या खोटं बोललो. माझ्यापायी हिची जोड फुटली."

महांतप्पा सरांनी काड्यापेटी उघडली. दोन बोटांएवढे दोन वाळके तुकडे त्यांनी तळहातावर घेतले.

"मामा, आठ वर्षं गप्प बसलात?"

"आधी भ्या वाटलं, सर. मंग लाज वाटली. भ्या निघून जातं, लाज लई टिकती."

सरांनी टर्पेंटाइन मागवलं, बोळा भिजवला आणि माझी फळी उलटून पंखाची कड पुसायला सुरुवात केली. तपकिरी थर निघाला आणि खालून माझा काळसर डाग वर आला. "चूक तुमची एकट्याची नाही," सर म्हणाले. "मी शिंगं मोजली आणि थांबलो. वारनिसाखाली काय आहे ते बघितलं नाही. मास्तर मी आहे."

त्यांनी ती टोकं माझ्या शिंगांना चिकटवली. जोड अजून दिसतो. असू दे.

दुसऱ्याच दिवशी सरांनी येरमाळ्याला फोन लावला. तिथल्या मुख्याध्यापिका यास्मिन मॅडम. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, ती परत मागू नका," मॅडम म्हणाल्या. "इथली पोरं तिला सोडायची नाहीत. दर शनिवारी पाळी लावून पुसतात तिला. तुम्ही असं करा ना, तुमचीच इकडं आणा, एका दिवसासाठी. माझ्या पोरांनाही कळू दे, की ती आखूडशिंगी का आहे."

पण नेणार कोण? मामा शाल खांद्यावर टाकून दारात उभे होते. राहिलेली चप्पल न्यायला आले होते म्हणे. "म्या नेतो," ते म्हणाले. "म्या तोडली, म्या जोडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेत जाईन दर साली."

आणि खरोखरच त्यांनी मला एसटीनं नेलं. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, खिडकीकडच्या सीटवर. माझी शिंगं फडक्याबाहेर आली होती. कंडक्टर येऊन थबकला.

"मामा, काय हाय हे? वटवाघूळ?"

"समुद्रातली हाय. म्हायेरवाशीण. भनीला भेटाया चाललीय."

"मग अर्धं तिकीट काढू का हिचं?"

"काढ. पर शिंग लागलं तर तक्रार करू नगंस."

आख्खी गाडी हसली. मित्रांनो, गच्चीवरून खाली आणल्यापासून मी पहिल्यांदाच आकाश बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन वाऱ्यानं हलत होतं, आणि मला ते पाण्यासारखं वाटलं.

येरमाळ्याच्या शाळेत मॅडमनी एका लांब टेबलावर आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. धाकलीचं वारनिस तिथल्या मुलांनी आधीच पुसलं होतं. तिच्या पाठीवरच्या पराचं टोक पांढरं चमकत होतं. ती जीपमधून गेली तेव्हा होती त्यापेक्षा तरुण दिसत होती. पट्ट्या निघाल्या. सतरा. तेरा. मुलं एकमेकांना ढकलत पुढं येत होती.

"दोघींत फरक काय?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही!" मागून एकजण ओरडला.

आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेले रामकिसनमामा म्हणाले, "घाई कुणाची? बस सुटतीय का तुझी? परत बघ."

अशा आम्ही चार वेळा भेटलो. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस माझ्याजवळ रिकामा खिळा असे, पण त्या खिळ्याला एक तारीख होती. वाट बघायला तारीख असली, की एकटेपणाला काठ येतो.

गेल्या पोळ्याला मामा आले नाहीत. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि गुडघे धरले आहेत, असं फडकं मारायला येणाऱ्या बाई कुणाला तरी सांगत होत्या. महांतप्पा सरांचीही बदली झाली. नव्या सरांना माझी गोष्ट ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना ती कुणी सांगितलीच नाही. पोळ्याचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी दाराकडं बघत राहिले. संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं.

माझ्या मित्रांनो, मी तुमच्याकडं फार मागत नाही. दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणण्याआधी एकदा परत बघा. हातून काही मोडलं असेल, तर विचारणारा समोर उभा असतानाच सांगून टाका. नंतर टोकं चिकटवता येतात, गेलेली वर्षं चिकटवता येत नाहीत. आणि ज्याला तुम्ही सांभाळायला घेता, तो कसा आहे ते आधी त्याच्याकडं बघून समजून घ्या. बैलाची माया पाकटीला तशीच्या तशी चालत नाही.

आता शेवटचं. महांतप्पा सरांनी जाण्याआधी माझ्या फळीवर नवं लेबल लावलं आहे. त्यावर लिहिलंय, "लांबशिंगी. हिची जोडीदार आखूडशिंगी येरमाळ्याच्या शाळेत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भेटीला न्यावे." लेबलाच्या खालच्या कोपऱ्याला कसर लागायला सुरुवात झाली आहे, पण आज ते वाचता येतं. पोळा जवळ आला आहे. येरमाळ्याची गाडी सकाळी स्टँडवर लागते. मला खाली काढायला स्टूल लागेल आणि मोठ्या माणसाला सांगून मगच काढा. मला गुंडाळायचं धोतराचं फडकं कपाटाच्या खालच्या खणात घडी करून ठेवलेलं आहे.

मी जड नाही. माझ्या पोटात नुसता भुस्सा आहे.